जनीबाय ल्युसर्नला जाऊन आली

उल्हासनगरच्या कॅम्प ४ मध्ये आमच्या गल्लीच्या तोंडाशी जनी गायकर भाजी घेऊन बसते. बदलापूरच्या पलीकडच्या एका आगरी गावातून येते. लाल माठ, अळू, शिराळी, मोसमात वालाच्या शेंगा. पण तिची खरी ओळख होती ती कमळकाकडीमुळे. आमच्या गल्लीत बहुतेक घरं सिंध्यांची, आणि त्यांना कमळकाकडी म्हणजे जीव की प्राण. बाजारात मिळते ती चिखलाने भरलेली, आतून काळी. जनीची पांढरीशुभ्र असायची. गावातल्या तलावात ती स्वतः कंबरेपर्यंत उतरून, पायाने चाचपून काढायची. टोपली उतरायच्या आत सिंधी बायका गोळा व्हायच्या. "अदी, आज लाई हो?" असं ताई म्हणून कोणी विचारलं की जनी अर्ध्या सिंधीत, अर्ध्या हिंदीत उत्तर देऊन मोकळी.

तो तलाव गायकरांच्या जमिनीत होता, पण वापर सगळ्या गावाचा. धुणं तिथे, गुरं तिथे, गणपती-गौरी तिथेच. आजूबाजूची शेतं एकेक करून इमारतींत गेली. मग एका बिल्डरला कळलं की त्याच्या मोठ्या प्रकल्पाचा रस्ता तलावावरून गेला तर सोयीचा पडेल. त्याने तलाव मागितला. जनी नाही म्हणाली. जेसीबी आला तेव्हा ती गावच्या बायकांना घेऊन त्याच्या समोर जमिनीवर बसली. शेजारची माया तिच्या खांद्याला खांदा लावून बसली होती. ड्रायव्हरने थोडा वेळ इंजिन चालू ठेवलं, मग मशीन मागे घेतलं. पुढे आणखी एकदा आला, तेव्हाही तसंच झालं. गावात जनीचं नाव झालं. पुरुष गप्प बसले तिथे बाई उभी राहिली, असं लोक बोलायचे. जनीला ते आवडायचं. तिने ते माझ्यापासून लपवलं नाही.

अडचण एकच होती. तिचा मुलगा हरेश जमिनीची दलाली करायचा, आणि करायचा त्याच बिल्डरसाठी. तो बायकोला, जिज्ञासाला, घेऊन बदलापूरला फ्लॅटमध्ये राहायचा. तलावावरून मायलेकांचं बोलणं बंद होतं.

आणि एका रविवारी हरेश पेढे घेऊन घरी आला. तलावाचा विषयच नाही. म्हणाला, "आये, तुना नि बाबांना परदेशात पाठवतोय. स्वित्झर्लंड. ल्युसर्न म्हणून शहर हाय. टूरवाले मराठी हायेत, खायला डाळभात देतात."

"मना नाय जायाचा," जनी म्हणाली. "हिकडं काम कोन करील?"

"जन्मभर चिखलात उतरलीस. मी तुना कधी काय दिला? सांग."

जनी मला म्हणाली, "बाय, पोरानं असं इचारलं ना, मग माझं काय चाललंच नाय."

तिच्या नवऱ्याला, अनंताला, तर आधीपासूनच जायचं होतं. टीव्हीवर बर्फ दिसला की तो जेवण सोडून बघत बसायचा. जनीने मायाला विचारलं, "मी नसताना मशीन आला तं?" माया म्हणाली, "आमी काय मेलो का? जा बिनधास्त. आमच्यासाठी चाकलेट आन."

जिज्ञासाने तिला बूट घेऊन दिले, जाड जॅकेट दिलं. नऊवारीवर जॅकेट आणि बूट घालून जनी मे महिन्यात विमानात बसली.

ल्युसर्नबद्दल ती बोलायला लागली की तिचा आवाज बदलतो. टूरची गाईड राजसी नावाची मुलगी होती, डोंबिवलीची. ती त्यांना नदीवरच्या जुन्या लाकडी पुलावर घेऊन गेली. पूल सरळ नाही, मध्येच वळतो. वर कौलारू छप्पर, छपराखाली तिकोनी पाट्यांवर रंगवलेली चित्रं, कठड्याला बाहेरून फुलांच्या कुंड्या, आणि मधोमध पाण्यात उभा दगडी बुरूज. राजसीने सांगितलं की काही वर्षांपूर्वी हा पूल जळाला होता, लोक काठावर उभे राहून रडले, आणि लगेच त्यांनी तो पुन्हा होता तसा बांधून काढला. काही जळकी चित्रं तशीच दिसतात. जनीने लाकडावरून हात फिरवला. तिच्या घराच्या दाराची चौकट आहे, तसलंच जुनं लाकूड.

"आनि हा एवढा मोठा तलाव?" तिने विचारलं. पूल संपतो तिथून पुढे सरोवर सुरू होतं, पांढरे हंस, मागे डोंगर. "याचा मालक कोन?"

राजसी हसली. "मालक कोणी नाही, काकू. सगळ्यांचं आहे."

"मग बिल्डर काय करतात हिकडचे?"

टूरमधली माणसं हसली. जनीही हसली. अनंता मात्र हसला नाही. तो कठड्याला टेकून खाली पाण्याकडे बघत होता.

डोंगराच्या कड्यात कोरलेला सिंह त्यांना दाखवला. पाठीत भाल्याचं तुटलेलं टोक, मान पंजावर टाकलेली, मरायला टेकलेला. खाली हिरवं पाणी. दुसऱ्या देशाच्या राजासाठी लढता लढता मेलेल्या इथल्या शिपायांची ती आठवण, असं राजसी म्हणाली. जनी म्हणते, दगडाचा असून त्याचं तोंड बघवत नव्हतं.

पण तिला सगळ्यात आवडला तो बाजार. शनिवारी सकाळी नदीच्या काठाने, कमानींखाली शेतकरी भाजी घेऊन बसतात. बाकीचे लोक घड्याळं आणि चॉकलेट घ्यायला गेले. जनी भाजीच्या टेबलांपाशी थांबली. तिच्याच वयाची एक बाई मुळे विकत होती, लहान, लाल, गोल. जनीने एक जुडी उचलली, उलटून पाहिली, देठ मोडून पाहिला. ती बाई बघत राहिली. मग जनीने स्वतःच्या छातीवर हात ठेवला, मुळ्यांकडे बोट केलं, डोक्यावर टोपली घेतल्याचा अभिनय केला. त्या बाईला कळलं. तिने आपले हात पुढे केले, नखांत माती होती. जनीने आपले दाखवले. दोघी इतक्या हसल्या की शेजारचा चीजवाला वळून बघायला लागला. त्या बाईने जुडी तिच्या हातात कोंबली आणि पैसे घेतले नाहीत. हॉटेलच्या खोलीत जनीने ते मुळे मीठ लावून खाल्ले.

पिलाटूस नावाच्या डोंगरावर दातेरी रुळावरची गाडी जाते, इतकी उभी की समोरचा दांडा धरून बसावं लागतं. वर कोपऱ्या-कोपऱ्यात बर्फ शिल्लक होता. अनंताने मूठभर उचलला आणि तसाच उभा राहिला, हाताला कळ लागेपर्यंत.

"जने," तो म्हणाला.

"काय?"

"काय नाय."

फोन फक्त त्याच्याकडे होता. हरेशशी बोलायचं तर तो लांब जाऊन बोलायचा. सहल अर्धी झाली तेव्हा एक दिवस तो तिला पुन्हा पुलाजवळ घेऊन गेला आणि राजसीला म्हणाला, आमचा दोघांचा एक फोटो काढ. "हस की जरा," तो जनीला म्हणाला. तिला सांगायची गरजच नव्हती. ती तोंडभर हसली.

मुंबईला उतरल्यावर हरेशची गाडी त्यांना गावी न नेता त्याच्या फ्लॅटवर घेऊन गेली. थकलात, इथेच झोपा, म्हणाला. दुसऱ्या दिवशीही तेच. जनी म्हणाली, मना घरी जायाचा. अनंता म्हणाला, माझं पाय दुखतात. मग ती एकटीच रिक्षा करून गेली.

तलाव नव्हता. लाल मुरूम टाकून, रोलर फिरवून सपाट केलेली जागा होती. एका कडेला चिखलाचा ढीग, त्यातून कमळाचे वाळलेले देठ बाहेर आलेले.

ती मायाच्या दारात गेली. माया तांदूळ निवडत होती. तिने सूप बाजूला केलं नाही.

"माया, काय झाला ह्यो?"

"तुनाच म्हाईत."

"मी हितं होते का?"

"नव्हतीस ना. तेच." मायाने मोबाईल काढून तिच्यापुढे धरला. पुलावरचा फोटो. जनी जॅकेटमध्ये, तोंडभर हसणारी, शेजारी अनंता. खाली बिल्डरचं नाव आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं: आमच्या प्रकल्पावर खूश असलेले जमीनमालक, गायकर कुटुंब.

मशीन आलं तेव्हा बायका जाऊन बसल्या होत्या. माया पुढे होती. मग हरेश आला आणि त्याने प्रत्येकीला तो फोटो दाखवला. म्हणाला, माझी आय बिल्डरच्या पैशानं मजा करते, तिनं सगळं मान्य केलंय, तुम्ही कोणासाठी उन्हात बसलात? बायका एकेक करून उठल्या. शेवटी माया उठली.

"मना त्यातला काय म्हाईत नाय," जनी म्हणाली. "आयशप्पत."

"फोटोत रडत नव्हतीस, जनीबाय," माया म्हणाली आणि तांदूळ पाखडायला लागली.

जनी फ्लॅटवर परतली. हरेश सोफ्यावर होता. ती ओरडली, तो ऐकत राहिला. मग म्हणाला, "आये, बघितलंस ना दुनिया? आवडली ना? मग. तलाव काय वर घेऊन जाणार होतीस? जमीन बाबांच्या नावावर हाय, सही बाबांची हाय, कायद्यानं हाय."

जनी अनंताकडे वळली. तो खिडकीपाशी उभा होता.

"तुमी सही केलीत?"

त्याने मान डोलावली.

"कधी?"

"जायाच्या आदी," अनंता म्हणाला. "तू हितं असतीस तं मशीनखाली झोपली असतीस, जने. मेली असतीस. हरेश म्हनला, तिला लांब घेऊन जा. मना वाटला, तुना बरफ दावावा, मंग सांगावा."

"मंग सांगितला का नाय?"

"तू लय खुशीत होतीस."

तिने तहसील कार्यालयात जाऊन पाहिलं. तिथल्या साहेबाने कागद बघून सांगितलं की मालकाचीच संमती आहे, तक्रार कसली? बाकीच्या गावाने तक्रारीवर सही केली तर वेगळी गोष्ट. जनी घरोघर फिरली. कोणी चहा दिला, कोणी दारच उघडलं नाही. सही एकीनेही केली नाही. लग्नात, हळदीला तिला अजून बोलावतात, पण ती जाऊन बसली की आजूबाजूच्या बायका हळूहळू दुसरीकडे सरकतात.

हरेशने प्रकल्पात आईवडिलांच्या नावाने फ्लॅट घेतलाय. जनी तिथे पाऊल टाकत नाही. ती आणि अनंता जुन्याच घरात राहतात. ती त्याला दोन्ही वेळा जेवायला वाढते, दुखलं-खुपलं तर औषध आणते. बोलत नाही. अनंता सुरुवातीला बोलायचा, माफीही मागायचा. आता तोही गप्प झालाय.

आता ती कल्याणच्या मार्केटमधून भाजी उचलून आणून विकते. नव्या आलेल्या एखाद्या सिंधी बाईला कोणीतरी जुनं नाव सांगितलेलं असतं. ती येऊन कमळकाकडी मागते. जनी म्हणते, "नहीं रखती." कारण सांगत नाही.

मी एकदा तिला विचारलं, मावशी, ते ल्युसर्न तरी कसं होतं? मला वाटलं होतं, ती शिव्या देईल.

"लय चांगला होता," ती म्हणाली. "खोटा कशाला बोलू? तसा सुख मना कधी भेटला नव्हता. त्या मुळेवालीची आठवण अजून येते. तोच तं जळफळाट हाय ना, बाय. वाईट असता तं बरा झाला असता."

तिने शिराळी माझ्या पिशवीत टाकली आणि कोथिंबिरीवर पाणी शिंपडलं. समोरच्या फुटपाथवर अनंता येऊन उभा होता. टोपल्या उचलायला तो रोज येतो. जनीने रिकामी टोपली स्वतःच डोक्यावर घेतली, दुसरी कमरेवर ठेवली आणि त्याच्या शेजारून, त्याच्याकडे न बघता, रिक्षास्टँडकडे चालू लागली. तो थोडं अंतर ठेवून मागून गेला.