अडलेलं आमेन

किस्से जमवावे लागत नाहीत हो! चार पाळक-उपदेशक एका चटईवर बसवा, मध्ये चहाची किटली ठेवा आणि तुम्ही गप्प राहा. बस्स! मी आमच्या मंडळाचा सेक्रेटरी आहे. माझ्या मिनिटबुकात पास झालेला ठराव शोधून सापडणार नाही, पण किस्से म्हणाल तर डोक्यात मावत नाहीत.

मी मूळचा भायखळ्याचा. मिशनच्या शाळेत मास्तर म्हणून बोटीनं रत्नागिरीला आलो. पडावातून धक्क्यावर पाय ठेवला तेव्हाच डोक्यात एक जबरी कल्पना होती. इथे रत्नागिरीत पाळक शामुवेलराव, ते एका मिशनचे. तिकडे संगमेश्वरात उपदेशक भास्करराव, ते दुसऱ्या मिशनचे. पावसकडच्या वाड्यांतून बायबल शिकवत हिंडणाऱ्या रूथबाई तिसऱ्याच. सगळे एकाच प्रभूचे सेवक, आणि भेटणार वर्षातून एकदा, नाताळात! म्हटलं, छे! मंडळ पाहिजे! महिन्याला मीटिंग पाहिजे!

पहिल्या मीटिंगला शामुवेलरावांच्या पडवीत मी उभा राहून अर्धा तास एकीवर भाषण ठोकलं. रूथबाई छत्री मांडीवर घेऊन ऐकत होत्या. पन्नाशी उलटलेली बाई, पायांनी अख्खा तालुका मोजलेला.

"झालं, मास्तर? आता मी विचारते. भास्करराव, संगमेश्वरात आपली माणसं किती?"

"सात," भास्करराव म्हणाले.

"त्यात बापये किती?"

"दोन. मला धरून."

"शेजारी कसे आहेत?"

"देवमाणसं आहेत. पण आपल्यातलं कुणी गेलं तर पेटीला खांदा द्यायचा म्हणजे त्यांनाही घरात उत्तर द्यावं लागेल ना!"

"आणि पेटीला खांदे लागतात चार," रूथबाई माझ्याकडे वळल्या. "उद्या हे पेटीत गेले तर उरला एक! बसा खाली मास्तर. मंडळ पाहिजेच आहे. त्याला भाषण कशाला?"

मी बसलो.

*

त्याच मीटिंगला माझ्या लक्षात आलं की शामुवेलराव आणि भास्करराव एकमेकांशी बोलत नाहीत. अकरा वर्षं! सलामसुद्धा नाही. एक समोर आला की दुसरा छपराकडे बघणार.

मग मीटिंग चालायची कशी? प्रार्थनेतून!

आमच्यात रीत आहे. प्रार्थना गोलानं फिरते, ज्याची पाळी त्यानं मोठ्यानं करायची, बाकीच्यांनी डोळे मिटायचे. आणि 'आमेन' होईपर्यंत कुणी मध्ये बोलायचं नाही. म्हणजे समोरच्याला सुनवायला याहून सोयीची जागा त्रिभुवनात नाही.

शामुवेलराव सुरू झाले, "हे दयाळू पित्या, तुझा एक सेवक लांबून येतो, थकतो हे आम्ही जाणतो. पण अर्धा तास उशीर करून इतरांचा चहा निववू नये, एवढी बुद्धी त्याला दे."

पुढची पाळी भास्कररावांची. "हे प्रभू, सर्व्हिस मोटर देवरुखच्या फाट्यावर बंद पडली, हे तू वरून पाहिलंस. जे पडवीतून पाहतात त्यांना तुझी दृष्टी दे. आणि पाण्याचा तांब्या त्यांच्या पायाशी आहे, तो इकडे सरकवण्याची प्रेरणाही दे."

मी एक डोळा किलकिला केला. शामुवेलरावांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले. तांब्या मात्र हळूहळू सरकत होता!

*

भांडण कशावरून? मी दोघांना वेगवेगळं विचारलं.

भास्करराव म्हणाले, "संगमेश्वराशेजारी एक कुंभाराचं घर होतं. दोन वर्षं मी त्यांच्या चाकाशेजारी बसून शास्त्र शिकवलं. म्हातारा म्हणायचा, 'अजून थोडं समजू दे.' मी म्हटलं, घाई नाही. एकदा मी बायकोच्या औषधासाठी चिपळूणला गेलो, तर हा गृहस्थ वाटेवरून जाताना उतरला आणि एका दुपारी सगळ्या घराला बाप्तिस्मा देऊन मोकळा!"

शामुवेलराव म्हणाले, "म्हातारा आजारी होता. त्यानं माझा हात धरला. म्हणाला, 'आज द्या.' मी काय म्हणू? थांब बाबा, भास्करला चिपळूणहून येऊ दे?"

मला दोघांचंही खरं वाटलं. ह्याला काय करायचं सांगा!

रूथबाईंना म्हटलं, "एकानं नांगरलं, दुसऱ्यानं कापलं, असंच झालं ना?"

"तसंच."

"आणि पीक? ते कुंभार आता कुठल्या मंडळीत आहेत?"

"पीक मुंबईला गेलं," रूथबाई म्हणाल्या. "म्हातारा बरा झाला, चाक विकलं आणि सगळं घर गिरणीत लागलं. इथे हे दोघे अजून रिकाम्या शेताचा बांध राखतायत!"

*

आता माझी चूक सांगतो. मंडळाचे रूल मी केले. मतं मोजणं बरं दिसत नाही, म्हणून मी रूल घातला की ठराव मांडायचा, अध्यक्षांनी त्यावर प्रार्थना करायची, आणि सगळ्यांनी आमेन म्हटलं की पास.

मला काय माहीत, शामुवेलरावांच्या प्रार्थनेला भास्कररावांनी अकरा वर्षांत एकदाही आमेन म्हटलेलं नाही! आणि अध्यक्ष कोण? शामुवेलराव! पडवी त्यांची, चटई त्यांची.

एकेक ठराव पडत गेला. गाण्याची पुस्तकं एकत्र मागवायची, पडला. नाताळची उपासना मिळून करायची, पडला. शेवटी मी असा ठराव काढला की पडणं शक्यच नाही. दर महिन्याला आपल्यातल्या एकानं रविवारी संगमेश्वरला जायचं. भास्कररावांच्या सात जणांत आठवा बसला तर त्यांनाही हुरूप!

शामुवेलरावांनी प्रार्थना केली. चांगली केली, टोमणा नाही, काही नाही. सगळे म्हणाले, "आमेन." भास्करराव गुडघ्यावर हात ठेवून बाहेरच्या दगडी गडग्याकडे बघत राहिले.

त्यांच्याच भल्याचा ठराव, हो!

शामुवेलरावांना राहवलं नाही. त्यांनी पुन्हा डोळे मिटले. "प्रभू, बुडत्याला दोरी टाकली तर तो विचारतो, दोरी कोणाची!"

भास्करराव उठले, छत्री घेतली आणि गेले. पुढच्या मीटिंगला आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही.

*

मग मीच संगमेश्वरला गेलो, माफी मागायला. पोचलो तो रविवार. सातातले चार जण कामाला बाहेरगावी, दुसरा बाप्याही त्यातच, एक म्हातारी तापानं झोपलेली. उपासनेला भास्करराव आणि त्यांची बायको, मार्थाकाकू. भास्कररावांनी तासभर, भरल्या मंडळीसमोर करावा तसा मोठ्यानं उपदेश केला, काकूंनी मान हलवली. मी आयुष्यात एवढी मोठी उपासना पाहिली नाही.

नंतर चुलीपाशी काकू हळूच म्हणाल्या, "भाऊ, एक सांगते, कुठे बोलू नका. दर बुधवारी हे शामूभावजींसाठी प्रार्थना करतात. नाव घेऊन. बायबलशाळेत दोघं एका खोलीत होते ना, एकाच कांबळ्यात झोपायचे. सगळं म्हणतात आणि शेवटाला गप्प होतात. आमेन मी म्हणते. ह्यांच्या तोंडून निघत नाही."

मी सेक्रेटरी, पण हे मिनिटबुकात कुठे लिहू?

*

आणि मग भास्करराव आजारी पडले. हिवताप, तोही असा चढला की काकूंनी त्यांना मोटरीत घालून रत्नागिरीला आणलं. डॉक्टर म्हणाले, धोका अजून टळलेला नाही, पंधरा दिवस इथेच ठेवा, रोज बघावं लागेल. ठेवा कुठे? माझी खोली जिन्यावरची, रूथबाईंचं घर पावसला.

"चला," रूथबाईंनी बैलगाडीवाल्याला सांगितलं, आणि गाडी सरळ शामुवेलरावांच्या दारात उभी केली. भास्कररावांना शुद्ध असती तर ते उतरले नसते. शामुवेलरावांनी काही विचारलं नाही. एकीकडून मी, दुसरीकडून ते, असं आम्ही त्यांना उचलून आत नेलं. उचलताना मला रूथबाईंचे ते चार खांदे आठवले.

पाच दिवस भास्करराव तापात होते. सहाव्या सकाळी ताप उतरला, डोळे उघडले, आणि आपण कुणाच्या घरात आहोत ते त्यांना कळलं. त्यांनी तोंड भिंतीकडे वळवलं.

शामुवेलराव स्वयंपाकघरातून पेज घेऊन आले. बायको जाऊन सहा वर्षं झालेली, हातानं रांधायचे, त्यांच्या रांधण्याबद्दल आमच्यात कुणी फार बोलत नसे. वाडगा उशाशी ठेवला, टेकले. खाण्याआधी प्रार्थना करायची ही तर रीतच आहे. आम्ही तिघं, मी, रूथबाई आणि काकू, दारात उभे.

"हे पित्या," शामुवेलरावांनी सुरुवात केली, "ह्या अन्नासाठी तुझे आभार."

एवढ्यावर आटपायला हवं होतं. आटपेनात! डॉक्टरांसाठी प्रार्थना झाली. मोटरीच्या ड्रायव्हरसाठी झाली. बैलांसाठी झाली. मग आवाज खाली आला. "प्रभू, त्या कुंभाराला मी बाप्तिस्मा दिला त्याचं मला दुःख नाही. पण संध्याकाळी मी संगमेश्वरात थांबून भास्करला तोंडानं सांगायला हवं होतं. मी शेवटची मोटर पकडली. मला त्याची भीती वाटली, प्रभू."

भिंतीकडचं डोकं हललं नाही.

शामुवेलराव पुन्हा पहिल्यापासून सुरू झाले. अन्न, डॉक्टर, ड्रायव्हर, बैल.

मी कुजबुजलो, "थांबत का नाहीत?"

"थांबले आणि पलीकडून काही आलं नाही, तर?" रूथबाई म्हणाल्या.

पेजेवर साय धरली. काकूंनी पदर तोंडाला लावला. शामुवेलराव तिसऱ्यांदा बैलांपाशी पोचले होते, घाम गळत होता, डोळे गच्च मिटलेले.

"आमेन," भिंतीकडून आवाज आला.

शामुवेलराव बोलतच होते.

भास्करराव कुशीवर वळले. "आमेन म्हटलं ना, शामू! दे इकडे. पेज निवली."

शामुवेलरावांनी चाचपत वाडगा पुढे केला. डोळे तसेच मिटलेले.

"प्रभू," ते म्हणाले, "त्याला सांग, मीठ घालायचं राहिलंय."