चाचांची जबान

आजवर बायकोलाही सांगितलं नाही ते आधी सांगतो: दुष्काळात दूध सोसायटीच्या गुरांच्या छावणीवरचं पाण्याचं इंजिन मी, तिच्या सेक्रेटरीनं, जाळलं, चाचांनी नाही.

आमच्या केज तालुक्यात चाचांएवढा बोलका इंजिन-मिस्त्री झाला नसेल. पाना हातात आला की तोंड सुरू, आणि विषय एकच, जबान. "तुमची जिव्हा अन् आमची जबान एका आईच्या लेकी हायेत, सेक्रेटरी. एक इकडं नांदली, एक इराणात." हे त्यांना कुणा म्हाताऱ्या फारसी मुन्शीनं सांगितलेलं. मग चहा थंड होईस्तोवर पुढचं: जबान म्हणजे जीभ, जबान म्हणजे भाषा, जबान म्हणजे दिलेला शब्द, आणि पंचांपुढं बसली की तिचीच जबानी. नेकनूरच्या बाजारात एका बैलवाल्याला ते हे ऐकवत होते. तो कंटाळून दुसऱ्या झाडाखाली गेला, तर चाचा बैलालाच सांगत उभे. "बेजबान हाय बिचारा, मधी तोंड घालत न्हाई," म्हणाले.

इंजिन लावण्याआधी विहिरीत खडा टाकून कान द्यायचा, ही त्यांची दुसरी खोड. डुबुक ऐकू आलं तरच हँडल मारायचं. "हिरीला बी जबान हाय. आधी तिला इचारायचं." पार्ट आणायला बीडला निघताना त्यांनी माझ्याकडून तशी जबान घेतली. मी हसत दिली.

त्याच दुपारी पुढाऱ्यांची जीप यायची होती, हौद भरलेला दिसायला हवा होता. मी खडा टाकला नाही, तसंच हँडल मारलं. विहीर तळाला गेलेली. पाणी चढेना, इंजिन कोरडंच तापलं आणि जाम झालं. दोन दिवस गुरं रिकाम्या हौदाला जिभा लावत उभी होती.

चौकशी लागली. जबान्या लिहायला सेक्रेटरी म्हणून मीच बसलो. मिस्त्रीचं काम कच्चं, असं सगळ्यांनी धरलंच होतं; मी तेच लिहिलं. सही करायला वाकले तेव्हा चाचांनी हळूच विचारलं, "खडा टाकलता का, भाऊ?"

मी दौतीचं झाकण लावत बसलो. त्यांनी सही केली.

पुढं गावात कुणी त्यांना इंजिनाला हात लावू दिला नाही. केजच्या स्टँडवर ते पेरू विकायचे. मी गेलो की निवडून द्यायचे, "लई गोड हाय" एवढंच म्हणायचे. जबानीचं सोडाच, जबानचंही अक्षर नाही.

चाचा गेले. ते जबान्यांचं रजिस्टर सोसायटीच्या कपाटात आहे. सर्वसाधारण सभेत, त्यांच्या मुलासमोर, मला एक जबानी द्यायची आहे. ती अजून दिलेली नाही.