अप्पांच्या पुस्तकाचं पहिलं पान

कालच्या पोस्टमध्ये चूक झाली. अप्पांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, इंग्रजी पुस्तकाला मी प्रेफेस लिहिला, असं म्हटलं होतं. प्रेफेस लेखक स्वतः लिहितो; फोरवर्ड दुसरं कुणीतरी. शाळेत हे शिकायच्या आधी अप्पांनीच मला घरी शिकवलं होतं.

लातूर जिल्हा नवा होता तेव्हाच्या दुष्काळात आमच्या गावाने पाणी कसं वाटून घेतलं, ते या पुस्तकात आहे. प्रेफेस लिहायचा राहिला आणि अप्पा गेले. मग मीच तो त्यांच्या वतीने, ‘मी’ म्हणत लिहिला.

आज लातूरला छापखान्यात मालकांनी विचारलं, “खाली नाव कुणाचं टाकू, ताई?”

“अप्पांचं.”

सोबत आई होती; लिहिलेलं मी तिला मराठीत वाचून दाखवलं होतं. ती म्हणाली, “लई चांगलं लिहिलीस, माय. पर हे त्यांचं बोलणं न्हाई.”

मी कागद परत घेतले. घरी येऊन टँकरच्या रांगेत घागर लावली. रडू आलं नाही. फोरवर्ड लिहायचं तर अप्पांसाठी मी दुसरं कुणीतरी व्हायचं, एवढंच कळलं.

आपल्या माणसाबद्दल असं लांबून तुम्ही कधी लिहिलंय का? सुरुवात कशी केलीत?

अप्पा नवं काम सोमवारी, पूजा आटोपून सुरू करायचे. मीही येत्या सोमवारी, माझ्या नावाने लिहायला बसेन.