मिरचीच्या वाफ्याला वळसा

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. माझ्या तोंडून आख्ख्या पाटोद्यानं काय काय ऐकलंय — आमच्या विहिरीतला मासा दोन बैलांनी ओढून काढला, माझ्या मिरचीच्या ठसक्यानं गेवराईपर्यंत ट्रक थांबले — पण हे नाही. यातलं सगळं खरं आहे ना, म्हणून जीभ अडते.

मिरचीची रोपं मी पहिल्यांदाच बियांपासून करत होतो. बी थोरल्या वहिनीचं. धर्मापुरीच्या माहेराहून तिच्या आईनं पदराच्या गाठीत बांधून दिलेलं, मूठभर. आई पुढं वारली. ते बी दुसरीकडं कुठं मिळायचं?

"भावजी, वाफा मी करते," वहिनी म्हणाली.

"तुमी निस्तं बघत ऱ्हावा! शिडी लावून मिरच्या तोडाव्या लागतील!"

बी काही उगवेना. आठ दिवस, दहा दिवस — रोज उकिडवा बसून माती बघायचो. मुंग्यांना शिव्या दिल्या, उन्हाला दिल्या, एकदा तर बियांनाच हात जोडले. आणि गावात सांगत होतो, रोपं गुडघ्याला लागली! बाराव्या दिवशी हिरवे ठिपके दिसले. चार पानं फुटली, तर लगेच त्यावर किडे! असा चिडलो — पंप उचलला, औषध मारलं आणि तसाच बाजारात फुशारक्या मारायला गेलो.

त्या दिवशी ऊन मरणाचं होतं. वहिनी पाळीची, बाजूला बसलेली. आमच्याकडं अशा दिवसांत बाईनं वाफ्यावर सावलीसुद्धा पाडायची नाही. पण रोपांनी माना टाकल्या, घरात दुसरं कुणी नाही — तिनं तांब्यातांब्यानं पाणी घातलं. तो तांब्या मी परत आल्यावर वाफ्याजवळ पाहिला होता. हे लक्षात ठेवा.

तिसऱ्या दिवशी पानं द्रोणासारखी वळली, देठ पिळवटले. एकूण एक रोप. मी पंपाचं झाकण काढून वास घेतला. उसात तणनाशक मारलेला पंप. मी तो धुतलाच नव्हता.

बोललो का? कसा बोलणार? गावभर रोपं मिरवून झाली होती ना!

"कशानं झालं रं असं?" दादानं सगळ्यांसमोर विचारलं.

"वाफ्याला कोण शिवलं, ते इचारा आधी," मी म्हणालो.

वहिनीनं मान खाली घातली. "मी पानी घातलं भावजी. वाळत हुती म्हनून... माज्या आईचं बी, माज्याच हातानं मेलं."

मी 'न्हाई' म्हणालो नाही. सगळे पांगल्यावर पंप मात्र तीनदा धुतला.

त्याला सहा वर्षं झाली. वहिनी महिन्याचे तीसही दिवस वाफ्याला वळसा घालून जाते. रोपांना कधी बोट लावलं नाही. यंदा माझी रोपं झकास आलीत — विकतच्या बियांची. गेल्या आठवड्यात तिची लेक, पहिल्यांदाच पाळी आलेली, दप्तर घेऊन वाफ्याच्या कडेनं शाळेला निघाली. वहिनी अंगणातून ओरडली,

"तिकडनं नगं गं! काकाची रोपं जळतील. माज्या हातनं जळालती."

पोर दचकली. पाऊल मागं घेतलं, आणि ओढ्याच्या बांधानं, लांबून, गेली.

मी वाफ्यातच उभा होतो. पाठीवर पंप होता — धुतलेला. मी पुढच्या रोपावर फवारा धरला.