जत्रेच्या आठवड्यातली पाहणी

गोवा घटक राज्य झाल्याचे पेढे वाटून फार दिवस झाले नव्हते, तेव्हाची गोष्ट. विद्यापीठातले संशोधक आणि शिक्षण खातं मिळून खेड्यातल्या शाळा सुधारणार, असं आम्हाला कळवण्यात आलं. मी शिरगावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकवत होते. खोटं कशाला बोलू, मला आनंदच झाला. वाटलं, आमच्या गळक्या वर्गाकडे एकदाचं कोणीतरी बघेल.

आणि ही माणसं आली कधी? ऐन लईराई देवीच्या जत्रेत! त्या वर्षी जत्रा शाळेच्या सुटीआधीच आली होती. घरोघर पाव्हण्यांची रीघ, बापयमाणसं धोंड, म्हणजे देवीसाठी निखाऱ्यांवरून चालणारे भक्त, होऊन व्रताला बसलेली, पोरं विहिरीवरून पाणी आणण्यात गुंतलेली. शाळेत कोण येणार, कपाळ! खात्याचे पणजीचे एक अधिकारी आणि संशोधक बाई रिकाम्या वर्गाकडे बघून लिहीत सुटले.

"अहो साहेब, पुढच्या आठवड्यात या, वर्ग भरलेला दाखवते," मी म्हटलं.

"बाई, कार्यक्रम वरून ठरलाय," साहेब म्हणाले. संशोधक बाई नुसत्या हसल्या. जत्रा मात्र त्यांना फार आवडली, भरपूर फोटो काढले.

अहवालात काय आलं? पालक उदासीन, मुलं अपुरी, चौथीचा वर्ग बंद करून डिचोलीच्या शाळेला जोडावा. मी खात्याच्या डिचोलीच्या कचेरीत जाऊन तावातावाने भांडले. खनिजाचे ट्रक धावतात त्या रस्त्यावरून कोण बाप आपल्या लेकीला चालत धाडील?

"आम्ही शास्त्रीय पद्धतीनं पाहणी केलीय," तिथले अधिकारी म्हणे. डोंबल तुमचं शास्त्र!

जूनमध्ये मुलगे डिचोलीला गेले, मुली घरी बसल्या. त्यांतली एक तर तोंडी हिशेबात मला हरवायची. तिच्या आईबापाच्या हातापाया पडून सांगितलं. ते तरी काय करणार? ट्रकांची भीती काय खोटी होती?

पुढच्या वर्षी तीच जोडी माझ्या दारात हजर. नवा विषय: तिसरीनंतर मुली शाळा का सोडतात? आणि त्यात मी म्हणे त्यांची सहकारी व्हायचं! चोर तो चोर, वर शिरजोर! माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. चहासुद्धा विचारला नाही. म्हटलं, चला, दाखवते. आणि थेट त्या पोरीच्या घरी नेलं.

ती अंगणात धाकट्या भावाला भरवत होती. माझ्याबरोबर पणजीचे साहेब बघून तिचं तोंड उजळलं. भावाला तिथंच टाकून धावत आली.

"बाई, चौथी परत सुरू झाली?"

मी बाजूला झाले. "साहेब, आता हिला तुम्हीच सांगा."