टाचणीचं भोक

शाळेत त्यांना सगळे मनकवड्या बाई म्हणत, अर्थात पाठीमागे. मानसशास्त्र शिकवतात म्हणजे ह्यांना समोरच्याच्या मनातलं दिसतं, अशी शिक्षकांच्या खोलीत पक्की समजूत होती. त्या आत आल्या की गणिताचे सर वर्तमानपत्रात डोकं खुपसत आणि शिपाई पुसलेल्याच खिडक्या पुन्हा पुसायला घेई. बाईंना ह्याची आतून मजा वाटे.

घरात मात्र त्यांचं काही चालेना. महिनाभर लेक दार लावून कुणाशी तरी हळू आवाजात बोलत होती. विचारलं की, "काही नाही गं आई." बाईंनी तिचा फोन चाळला, दप्तर उपसलं, धुवायच्या कपड्यांचे खिसेसुद्धा सोडले नाहीत. हाती काही लागलं नाही, संशय तेवढा वाढला.

लेक त्यांच्याच वर्गात, पहिल्या बाकावर. दर वर्षी बाई वर्गाकडून बिननावाची प्रश्नावली भरून घेत. शेवटचा प्रश्न ठरलेला: 'घरी काय लपवता आणि का?' अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हाताने लिहायचं, हा नियमही त्यांचाच. "कोणी काय लिहिलं ते मला कळणार नाही," हा शब्द त्यांनी अकरा वर्षं पाळला होता. म्हणून तर मुलं मोकळेपणी लिहीत आणि दोन-तीन जणं मागाहून स्वतःच बोलायला येत.

ह्या वेळी सर्वांत वरच्या कागदाच्या कोपऱ्यात त्यांनी टाचणीने बारीक भोक पाडलं. तो लेकीच्याच हाती जाणार होता. लाज वाटली, नाही असं नाही. पण आईचं काळीज आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

कागद वाटून त्या फळ्यावर प्रश्न लिहू लागल्या. पाठीमागे कुजबुज झाली, मग टक टक आवाज पहिल्या बाकापासून शेवटच्या बाकापर्यंत सरकत गेला.

"काय चाललंय?" त्या वळल्या.

"काही नाही, बाई," लेक म्हणाली. वर्गात ती त्यांना बाईच म्हणे. तिची कंपासपेटी उघडी होती.

तास संपल्यावर बाईंनी दार लावलं आणि कागद खिडकीपुढे धरले. पहिल्याला भोक होतं. दुसऱ्यालाही होतं. एकतीसच्या एकतीस कागदांना, त्याच कोपऱ्यात.

त्यांनी भराभर शेवटची उत्तरं पाहिली. डाव्या हाताच्या वाकड्यातिकड्या अक्षरात सगळ्यांनी एकच लिहिलं होतं: 'काहीच नाही.'

त्यातला लेकीचा कागद कुठला, ते त्यांना ओळखता आलं नाही.