ओकीची फिडल, ड्रेमाची गिटार

ड्रेमा कोगरला लग्नाची मागणी घालणारे तिघे होते, हे मी शपथेवर सांगते, कारण त्यातला एक माझा सख्खा भाऊ होता. तिघांनाही तिने नाही म्हटलं. का, म्हणून मी विचारलं तर म्हणाली, "रेवा, तुझा भाऊ गुणाचा आहे गं, पण गाणं सुरू झालं की पाय भलत्याच ठोक्यावर आपटतो. जन्मभर कोण ऐकणार ते?" माझ्या भावाच्या बाबतीत हे अगदी खरं आहे. बाकीच्या दोघांचं मला ठाऊक नाही.

तर अशी ही बाई. आमच्या हेझल रन गावच्या शाळेची बस तिने केस पिकेपर्यंत चालवली. आमच्या डोंगरातल्या रस्त्यांवर वळणावर समोरून कोळशाचा ट्रक आला की माणसाला देव आठवतो. ड्रेमाला ट्रकवाल्याचा बाप आठवायचा, कारण बाप बहुधा तिच्याच वर्गात शिकलेला असायचा, आणि मग ती खिडकीतून मुंडकं बाहेर काढून बापलेकांचा एकत्र उद्धार करायची. पोरं खूश. पोरांना ती बसमध्ये दंगा करू द्यायची, फक्त तालात. मी शाळेच्या स्वयंपाकघरात होते. बस आली की पोरं बाक बडवत उतरायची आणि तशीच ताटं बडवत माझ्यापुढे रांगेत उभी राहायची. त्यावरून आमची पुष्कळ भांडणं झाली आणि त्यातूनच मैत्री झाली.

दर गुरुवारी संध्याकाळी आम्ही बंबाच्या शेडमध्ये जमतो. आग विझवायचा बंब बाहेर काढून उभा करायचा, आत खुर्च्या गोल मांडायच्या, कोपऱ्यात डुकराच्या हाडावर शिजवलेल्या बीन्सचं पातेलं आणि मक्याचा पाव. ड्रेमाचा थोरला भाऊ ओकी फिडल वाजवतो. शहरात याच वाद्याला व्हायोलिन म्हणतात. आमच्याकडे कुणी तसं म्हटलं तर लोक त्याच्या बुटांकडे बघतात, शहरातले आहेत का म्हणून. ओकीच्या डावीकडे ड्रेमा गिटार घेऊन, समोर डेंझिल बँजो घेऊन आणि मागे मी, माझ्यापेक्षा उंच बास, म्हणजे जाड आवाजाचं उभं तंतुवाद्य, कवटाळून. बाकीचे येऊन जाऊन असतात. नुसतं ऐकायला येणाऱ्याला आम्ही बसू देत नाही. त्याच्या हातात वाजवायला दोन चमचे देतो, नाहीतर बीन्स ढवळायला पिटाळतो.

आमच्यात एक रीत आहे. गाणं सुरू करायचं फिडलवाल्याने. कुठलं, तेही त्यानेच ठरवायचं. एकच चाल सगळ्यांनी मिळून पुन्हा पुन्हा वाजवायची, आणि ज्याने सुरू केली तो बसल्या जागी एक पाय वर उचलेल तेव्हा ती फेरी संपवून थांबायचं. पाय वर झाला नाही तर थांबायचं नाही. एकदा खरोखरच आगीचा भोंगा वाजला, अर्धं मंडळ उठून बंबाकडे पळालं आणि उरलेले वाजवत बसले, कारण ओकीचा पाय अजून जमिनीवर होता.

ड्रेमाचा पाय मात्र कधी वर झाला नाही. होणार कसा? तिच्याकडे गिटार. कोगरांच्या घरात फिडल आजोबांकडून बापाकडे आली आणि बापाने जाताना ती ओकीच्या हातात दिली. ड्रेमाला म्हणाला, "तू त्याला साथ दे." पोराला फिडल, पोरीला गिटार, असंच होतं आमच्याकडे. कुणी विचारलं नाही आणि कुणाला त्यात काही वावगंही वाटलं नाही. मी उंच होते म्हणून मला बास मिळाला, एवढाच त्यावेळचा विचार.

ड्रेमाने साथ दिली, ती कशी? ओकी भरात आला की घोडं उधळल्यासारखा सुटतो. ड्रेमा त्याला लगाम घालायची. तोंडाने नाही, नुसत्या गिटारीने. लोक ओकीची वाहवा करायचे आणि ओकीही ती सगळी एकट्याची समजून खिशात घालायचा. मला राग यायचा. ड्रेमाला यायचा की नाही ते कळायचं नाही.

दोन वर्षांपूर्वी ओकीची बोटं आखडायला लागली. जन्मभर खाणीत घालवलेले हात ते. आधी अवघड चाली सुटल्या, मग सोप्याही अडखळायला लागल्या. या शरदात त्याने जाहीर करून टाकलं, की सफरचंदाचा मुरंबा घालायच्या दिवशी शेवटचं वाजवायचं आणि फिडल टॉडला देऊन टाकायची. टॉड म्हणजे त्याचा मुलगा. ओहायोत, कोलंबसला असतो, विमा विकतो. सज्जन माणूस. बापाला दर रविवारी फोन करतो. पण त्याला वाद्य वाजवता येत नाही आणि वाजवायची इच्छाही नाही. दिवाणखान्यात शेकोटीच्या वर टांगायला त्याने काचेची पेटी करून घेतली होती, आत दिवा लागणारी.

हे सगळं ओकीने शेडमध्ये सांगितलं तेव्हा ड्रेमा गिटारीची तार जुळवत बसली होती. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी तिच्या ओसरीवर मुरंब्यासाठी सफरचंदं चिरत बसलो, तर ती अशा जोरात सुरी मारत होती की मी माझी खुर्ची मागे घेतली.

"काय झालंय?" मी विचारलं.

"काही नाही."

"त्या सफरचंदाने तुझं काय घोडं मारलंय मग?"

सुरी थांबली. "रेवा, मी ती वाजवते," ती म्हणाली.

"काय वाजवतेस?"

"फिडल. बाबा गेल्यापासून. ती आईच्या स्वयंपाकघरातच टांगलेली असायची ना, चुलीजवळ. ओकी सकाळच्या पाळीला खाणीत गेला, की सकाळची बस आणि संध्याकाळची बस यांच्या मधे मी काढून वाजवायचे. आई गेल्यावरही फिडल तिथेच राहिली, मीही राहिले."

मी तोंड उघडं टाकून बसले. एवढी वर्षं हिच्याबरोबर जेवले, भांडले, हिच्या आईला खांदा दिला तेव्हा शेजारी उभी होते, आणि मला पत्ता नाही!

"आईला माहीत होतं?"

"आई तेवढा वेळ भांडी जोरजोरात घासायची. शेजारी ऐकू जाऊ नये म्हणून."

"आणि ओकी?"

"त्याला काय कळतंय! एकदा कुरकुरला, की तारा हलतात म्हणून. मी म्हटलं, दमट हवा आहे." ती पहिल्यांदा हसली. "घाईत जुळवून ठेवायचं विसरले होते मी."

"मग सांग की त्याला. माग फिडल."

"मागू? कोगरांच्या घरात कुणी काही मागत नाही."

"देतही नाही बहुतेक," मी म्हटलं, आणि तिने उरलेली अख्खी टोपली एकटीने चिरली.

मुरंब्याचा दिवस चांगला निघाला. ऊन होतं, डोंगर लाल-पिवळे झालेले, शेडच्या दारात तांब्याची कढई रटरटत होती. मुरंबा क्षणभर जरी ढवळायचा थांबवला तरी बुडाला लागतो, म्हणून लांब दांड्याच्या लाकडी उलथन्यावर माणसं पाळीपाळीने उभी. टॉड आला, नेकटाय लावून, काचेची पेटी छातीशी धरून. सगळ्यांनी कौतुकाने दिवा लावून पाहिला. डेंझिल म्हणाला, "छान आहे रे. यात अंडी उबवता येतील." टॉड बिचारा हसला.

ओकीने दोन-तीन सोप्या चाली घेतल्या. मग खुंट्या पिळून जाड दोन तारा एकेक स्वर वर चढवल्या. याला आम्ही चढी जुळणी म्हणतो. जुन्या, खणखणीत चालींना ती लागते. म्हणाला, "ही बाबांची. 'ओल्या वाटेवरचा कोल्हा'. हिच्यानंतर बस्स."

या चालीत दुसऱ्या भागात एक ठोका जास्तीचा आहे. नवख्याची तिथे हमखास फसगत होते. पहिली फेरी ओकीने निभावली. दुसऱ्या फेरीत, नेमका त्या जास्तीच्या ठोक्यापाशी, त्याची बोटं वळली ती सुटेनात. गज तारांवरच थांबला.

आम्ही थांबलो नाही. पाय वर झाला नव्हता. ओकी जमिनीकडे डोळे लावून बसला होता, आणि मला वाटतं पाय उचलायचा त्याला धीर होत नव्हता, कारण तो उचलला की सगळंच संपलं. आम्ही नुसतीच साथ वाजवत राहिलो, वर चालच नाही. एक फेरी झाली, दुसरी झाली. डेंझिलचा चेहरा रडवेला झाला. मला तर बासमागे लपावंसं वाटत होतं.

तेवढ्यात गिटार थांबली. ड्रेमा उठून उभी राहिली होती. भर गाण्यात! आमचेही हात थांबले.

"दे," ती म्हणाली.

"काय दे?"

"फिडल. दे इकडे."

ओकीने तिच्याकडे पाहिलं. "चढी जुळणी आहे."

"माहीत आहे मला."

"तुला माहीत असणारच," ओकी म्हणाला. "दमट हवेने तारा जराशा हलतात, ड्रेमा. नेमक्या दोनच, पूर्ण एकेक स्वर चढत नाहीत. मी साधी जुळवून टांगून जायचो आणि दुसऱ्या दिवशी जाड तारा वर चढलेल्या. कुणी चढवल्या, आईने?"

ड्रेमाचे कान लाल झाले. "माहीत होतं तर बोलला का नाहीस?"

"तू मागितलीस का कधी?"

"तू देऊ केलीस का कधी?"

दोघंही कोगर, दोघंही हट्टी. टॉड पेटी घेऊन मधेच उभा, कुणाकडे बघावं ते त्याला कळेना. ओकी मान खाली घालून बोलला, ते इतक्या हळू की आम्ही सगळे पुढे वाकलो.

"एकदा पाळी लवकर सुटली होती. आईच्या अंगणात आलो तर आतून ऐकू आलं. मला वाटलं बाबाच. कुंपणाला धरून उभा राहिलो, संपेपर्यंत. मग आत न येता परत गेलो आणि नेहमीच्या वेळेला आलो. बोललो असतो तर फिडल तुला द्यावी लागली असती, आणि मला गिटार धरावी लागली असती. मला नव्हती धरायची."

असं कबूल करायला छाती लागते, हे मी ओकीवर इतकी वर्षं खार खाऊनही मान्य करते. त्याने फिडल पुढे केली. ड्रेमाने गुडघ्याला हात पुसले, खुर्चीत बसली आणि सुरू झाली.

काय सांगू! ओकी ती चाल पळवायचा. ड्रेमाने ती चालत नेली, निवांत, आणि तो जास्तीचा ठोका असा अलगद ठेवला की मला कळलं, तो जास्तीचा नव्हताच, तिथेच त्याची जागा होती. मला रडू फुटलं. दोन्ही हात बासवर, नाक पुसायचीही सोय नाही. डेंझिल दात काढून हसत होता. आणि गिटारीवाचून गाणं उघडं पडलं होतं, हे ओकीच्याच लक्षात आलं. त्याने तिची गिटार उचलली, आखडलेल्या बोटांनी जमतील तेवढ्या तारा दाबल्या आणि साथ धरली. वाईट वाजवली. पण सोडली नाही.

फेऱ्यांवर फेऱ्या झाल्या. ड्रेमाचे डोळे मिटलेले, आणि तिचा पाय काही वर होईना. जन्मात कधी उचलला नव्हता, तिच्या ध्यानातच नव्हतं! बाहेर उलथन्यावरची माणसं ऐकायला आत शिरली तशी मी ओरडले, "टॉड! मुरंबा! ढवळ जा!" टॉडने पेटी खाली ठेवली, नेकटाय खांद्यावर टाकला आणि धावला. माझा खांदा भरून आला, डेंझिलच्या बोटाला फोड आला, पण थांबायची कुणाची टाप होती?

शेवटी मीच हाक मारली, "ड्रेमे, पाय!"

तिने डोळे उघडले, दचकून पाय उचलला, तोही गुडघ्याइतका वर, आणि ती फेरी संपवून आम्ही सगळे एकदम थांबलो. मग एकच आरडाओरडा. ड्रेमा धापा टाकत होती. जरा शांत झाल्यावर तिने फिडल पुसली आणि ओकीपुढे धरली.

"धर."

ओकीने गिटार मांडीवर घट्ट ओढून घेतली. "माझे हात रिकामे नाहीत."

दारातून टॉडने मुंडकं आत घातलं, कपाळाला मुरंबा लागलेला. "बाबा, मग पेटीचं काय करायचं?"

"तू ढवळ," ओकी म्हणाला आणि बहिणीकडे वळला. "हं. पुढचं कुठलं घेतेस?"

सगळे तिच्याकडे बघत थांबलो. ड्रेमाने फिडल पुन्हा खांद्याला लावली. हा प्रश्न तिला आजवर कुणी विचारलाच नव्हता.